जुना पार्ट आधी उलटा करा

हे डोअर पॅड. म्हणजे गाडीच्या दाराला आतून लागलेलं ते मोठं प्लास्टिकचं पॅनल. समोरून बघा, एकदम झकास, पुसूनबिसून वर पॉलिश मारलेलं. आता उलटं करतो. या सगळ्या क्लिपा बसायच्या जागा, यातल्या तीन फुटलेल्या आहेत आणि एकीवर कुणीतरी एपॉक्सीचा गोळा थापलाय. हे मीच घेतलं होतं, आणि घेताना उलटं केलं नव्हतं, म्हणून आता जरा खड्डा आला की दार कुरकुरतं.

जुना पार्ट शोधायची वेळ का येते, तर एसी व्हेंटची एक पट्टी तुटते, नाहीतर ग्लव्हबॉक्सचं लॉक हातात येतं, आणि नवीन मागायला गेलं की कळतं तेवढंच सुटं मिळत नाही, अख्खं घ्या, नाहीतर मॉडेलच बंद झालंय. मग ठोकलेल्या गाडीतून काढलेला माल बघायचा. त्यात वाईट काही नाही, उलट मागच्या सीटवर कित्येक गाड्यांत फारसं कुणी बसलेलंच नसतं, त्यामुळे मागचा माल बऱ्याचदा कोरा करकरीत मिळतो. ड्रायव्हर सीटचं मात्र दाराकडचं फोम आधी दाबून बघायचं, चढताउतरताना तिथेच घासून घासून बसलेलं असतं.

तर उलटी बाजू. इथे पार्ट नंबर असतो, साच्यातच उठवलेला किंवा स्टिकरवर, आणि तो तुमच्या जुन्या पार्टच्या नंबरशी शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवायचा, कारण ते शेवटचं अक्षर कधीकधी नुसतं रंगाचं असतं. "सेम मॉडेल आहे हो" यावर विश्वास ठेवू नका. फेसलिफ्टनंतर, म्हणजे कंपनीने त्याच मॉडेलचं रूप थोडं बदललं की, तेच नाव राहतं पण क्लिपांच्या जागा सरकलेल्या असतात. नंबर नाहीच सापडला तर तुमचा १७ अक्षरी चेसिस नंबर देऊन पार्ट कॅटलॉगमध्ये बघून घ्या.

आणि हे शर्टाच्या बटणाएवढं गोल दिसतंय? कडेने १ ते १२ आकडे, मधे बाण, बाणाच्या दोन बाजूंना वर्षाचे दोन अंक. पार्ट साच्यातून कधी निघाला त्याची ही तारीख. सगळ्यांवर नसते, पण असली तर मजा येते. गाडी २०१२ ची सांगितली आणि इथे १६ दिसलं, तर हा पार्ट मधे कधीतरी बदललाय, म्हणजे ती गाडी आधीही एकदा ठोकलेली असू शकते. शेजारी पीपी नाहीतर एबीएस अशी अक्षरं असतात, ते प्लास्टिकचं नाव. हे मी फार उशिरा शिकलो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, त्याला साधं फेव्हिक्विकसारखं काही लावलं तर दोन दिवसांत सुटतं, एबीएस मात्र बरं चिकटतं, त्यामुळे तुटका कान घरी जोडता येईल का ते इथेच कळतं.

रंगाचं काय, तर ऊन. फोटोत राखाडी तो राखाडीच दिसतो, लावल्यावर कळतं की एक पिवळट झालाय. फ्लॅश न मारता दिवसाउजेडी काढलेला फोटो मागा.

पुरात बुडालेल्या गाडीचा माल ओळखायचा तर सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अगदी शेवटपर्यंत, कारण आत गुंडाळलेला भाग कुणी धूत नाही आणि चिखलाचा डाग तिथे तसाच असतो. सीटच्या खालची स्लायडरची पट्टी, तिथले बोल्ट गंजलेत का बघा. वास तर येतोच, अत्तर कितीही मारा.

हा बेल्ट फक्त बघायला हं, विकत घ्यायला नाही. बेल्ट आणि एअरबॅग जुनी घेऊच नये असं माझं ठाम मत. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगमधलं अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षं उष्णता आणि दमटपणा खाऊन बिघडत गेलं, बॅग उघडताना लोखंडाचे तुकडे उडाले, माणसं गेली, जगभरात कोट्यवधी इन्फ्लेटर, म्हणजे बॅग फुगवणारे भाग, परत मागवावे लागले. बाहेरून बघून त्यातलं काहीच कळत नाही. सीट घेतानाही कडेला एअरबॅगची पट्टी शिवलीय का बघा, असेल तर ती सीट जाऊ द्या. आणि स्वतःची सीट काढताना खाली पिवळा कपलर, म्हणजे एअरबॅगच्या वायरचा जोड, दिसला तर आधी बॅटरी काढायची, काही मिनिटं थांबायचं, मगच हात लावायचा.

बसवताना क्लिपा मात्र नव्या घ्या. थंडीत प्लास्टिक कडक होतं, हेअर ड्रायरने जरा गरम करून प्लास्टिकच्याच पट्टीने उचकटा, स्क्रू ड्रायव्हरने नको. हँडलमागच्या छोट्या टोपीखाली एक स्क्रू लपलेला असतो, तो न काढता ओढलं की काय होतं, ते या तीन फुटलेल्या जागा बघून कळलंच असेल.