पडीक म्हणतात त्या माळावर

हडपसर सोडलं, दिवे घाट चढला की सासवड, मग जेजुरी, मग सुपं. गाडीवरनं जाताना दोन्ही बाजूला जो पिवळा माळ दिसतो ना, ज्याला बघून लोक म्हणतात काय उजाड आहे राव, तिथंच सध्या माझ्या मामाचा वाडा उतरलाय. वाडा म्हणजे शनिवारवाडा नाही हां, धनगराचा वाडा. चार बिऱ्हाडं, दोनेकशे मेंढरं, तीन घोडी, कुत्री, कोंबड्या, आणि हे सगळं परवा कुठं असेल ते मामालाच माहीत.

उजाड म्हणणाऱ्याला मामा गवतं दाखवतो. हे मारवेल, हे पवन्या, ही कुसळी. कुसळी कोवळी असते तोवर मेंढरं आवडीनं खातात, पण दिवाळीच्या सुमाराला तिला कुसळं धरली की तीच वैरीण होते, कुसळ लोकरीत अडकतं आणि ओल लागली की स्क्रूसारखं फिरत फिरत पार कातड्यात घुसतं. आता मामीचा हात बघा. मेंढी गुडघ्यात दाबली, ओठाच्या कडेनं बोट फिरवलं, चिमटीत कुसळ. वर हळद-तेल. पुढची.

सरकारी कागदावर मात्र हा सगळा माळ म्हणजे पडीक, नाहीतर पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन. आणि एकदा पडीक म्हटलं की कुणीही यावं, प्लॉटिंग, सोलर, कंपन्या, नाहीतर मग झाडं लावा. झाडांना विरोध कोण करणार, पण माळावर खड्डे घेऊन गिरिपुष्प लावला तर सावलीखाली गवत टिकत नाही, हे मेंढराला कळतं ते आपल्याला का कळत नाही. सुप्याजवळच चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे, 1997 पासून, जेमतेम 5 चौरस किलोमीटरचं. बाकी चिंकारा, लांडगे, खोकड याच पडीक माळावर राहतात, मामासारखेच, विनापरवाना.

लांडग्याचं निघालं म्हणून सांगतो. श्रावणात रात्री वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, वाकवून एक कोकरू नेलं. वनखात्याकडून भरपाई मिळते, नाही असं नाही, पण कळवा, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवू नका, आणि इथं कोकराचा नुसता कानच सापडला. साहेब दोन दिवसांनी येतो म्हणाले, तोवर वाडा दुसऱ्या शिवारात. मामा म्हणतो लांडग्याचा बी वाटा असतो. मला हे लहानपणी पटायचं नाही, आताही सगळं पटत नाही, आणि मामी तर रात्रभर लांडग्याला शिव्या देत बसली होती.

पैशाचं म्हणाल तर लोकरीत काही राहिलं नाही, कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या भावापेक्षा जास्त जाते. कोकरं विकायची, आणि शेतात मेंढरं बसवायची. लेंडीखतासाठी शेतकरी रात्रीचे पैसे नाहीतर धान्य देतो. पण जिकडं पाणी आलं तिकडं बारमाही ऊस झाला, उसात मेंढरं कुठं बसवणार.

म्हणून दिवाळी झाली की कोकण. भाताची कापणी झालेली असते, रानं मोकळी असतात. पाऊस लागायच्या आत परत वर यायचं, तिकडच्या चिखलात खुरं सडतात. नारायणपूर, कापूरहोळ, भोर, वरंधा घाट, महाड. कापूरहोळला सातारा हायवे ओलांडायचा म्हणजे पहाटेच, आणि तरी दोन माणसं बॅटऱ्या घेऊन उभी. नुकती व्यालेली असतील त्यांची कोकरं घोड्यावरच्या पोत्यात, नुसती मुंडकी बाहेर.

मी नोकरीवाला, त्यामुळं माझ्याकडं एकच काम. निघायच्या आधी बाईकवर पूर्ण रस्ता बघून यायचा, दरवर्षीचे तळ मोकळे आहेत का. मागच्या रविवारी गेलो तर हायवेच्या अलीकडचा तळ गायब, निळा पत्रा ठोकलेला, गेटवर वॉचमन. तिथूनच फोन लावला.

मामा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, ‘पत्रा कुठवर गेलाय? कडंनं घोडं निघंल का, तेवढं बघ.’