घरट्याच्या काठावरचं अंडं

(कॅमेऱ्यासमोर टेबल. हातात वाटीएवढं घरटं.)

घरटं खोटं, अंडंही खोटं. प्रसंग मात्र खरा आहे. समजा, एका पक्ष्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच माद्या जगात उरल्यात. त्यातली एक अंडं घालते, आणि घालते कुठे, तर इथे. काठावर. मादी आत बसणार, म्हणजे या अंड्याला ऊब मिळणार नाही. ते गेलंच म्हणायचं. तुम्ही शेजारी उभे आहात. काय कराल?

(बोटाने अंडं आत सरकवत.) मी तर हे केलं असतं. तिथल्या माणसांनीही हेच केलं. पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी पक्ष्याची ओळख.

(स्क्रीनवर: नकाशा, न्यूझीलंडच्या पूर्वेला चॅटम बेटं.)

हा ब्लॅक रॉबिन. चिमणीएवढा, अंगभर काळा. बाहेरून आलेल्या मांजरांनी आणि उंदरांनी याचा जवळजवळ सगळीकडून फडशा पाडला. उरले ते लिटल मांगेरे नावाच्या, उभ्या कड्यांच्या एका छोट्या बेटावरच्या थोड्याशा झाडीत. १९७६ मध्ये ते मोजले तेव्हा सात भरले. तिथली झाडी मरत चालली होती, म्हणून सातही पक्षी पकडून शेजारच्या मांगेरे बेटावर नेले. तरी १९८० पर्यंत पाचच उरले. त्यात पिल्लं काढू शकेल अशी मादी एकच. पायात निळी कडी होती म्हणून तिचं नाव ओल्ड ब्लू. या जातीच्या मानाने ती म्हातारीच म्हणायची.

या पक्ष्यांना वाचवायला झटणारे डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग एक धाडसी हिशेब मांडला. अंडी नष्ट झाली की रॉबिनची मादी त्याच हंगामात पुन्हा अंडी घालते. म्हणजे पहिली अंडी आपण काढून घेतली तर ती दुसरी घालेल. पण काढलेली अंडी उबवणार कोण?

कोकिळेची अंडी कावळा उबवतो हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. इथे कोकिळेचा उद्योग माणसांनी केला. आधी वॉर्बलर नावाच्या छोट्या पक्ष्याच्या घरट्यात अंडी ठेवली. त्याने ती उबवली, पण रॉबिनची पिल्लं नीट पोसणं त्याला झेपेना. मग टॉमटिट नावाचा दुसरा छोटा पक्षी निवडला. टॉमटिट राहतात दुसऱ्या बेटावर, म्हणजे अंडी ऊब देत, जपून, होडीतून न्यायची. टॉमटिटने पिल्लं झकास वाढवली. जरा जास्तच झकास! त्यांच्याकडे वाढलेले रॉबिन टॉमटिटसारखं गाऊ लागले, जोडीदारही टॉमटिटमध्येच शोधू लागले. मग आणखी एक खटाटोप: पिल्लं उडायच्या आत त्यांना परत रॉबिनच्याच घरट्यात आणून सोडायचं.

एवढं सगळं करून जात वाचली. आज हे पक्षी अडीचशेच्या घरात आहेत आणि झाडून सगळे ओल्ड ब्लू आणि तिचा जोडीदार ओल्ड यलो यांचे वंशज आहेत.

आता येऊ या काठावरच्या अंड्याकडे.

(घरटं पुन्हा उचलून.)

एकेक अंडं मोलाचं असताना काठावरचं अंडं आत सरकवलं नाही तर काय करणार? सरकवलं, ते उबलं, पिल्लू झालं. पण काठावर अंडी घालायची खोड आईकडून लेकीकडे जात होती. एरवी अशा मादीचा वंश तिथेच थांबला असता. इथे माणसाचं बोट आडवं आलं आणि खोड पसरली. १९८९ पर्यंत निम्म्याहून जास्त माद्या काठावर अंडी घालत होत्या. विचार करा, तेव्हा ही जात कायमची माणसाच्या बोटाला बांधली जायच्या बेतात होती.

मग त्यांनी हात मागे घेतला. काठावरचं अंडं काठावरच राहू द्यायचं. डोळ्यांसमोर अंडं थंड पडताना बघायला काय जिगर लागत असेल! पण खोड ओसरत गेली. २०११ मध्ये अशा माद्या नऊ टक्क्यांवर आल्या होत्या. आधी बोट लावलं ते चुकलं, असं मी म्हणणार नाही. तेव्हा ते लावलं नसतं तर पुढे मोजायला काही उरलंच नसतं, असं माझं मत. अवघड भाग असतो तो हात कधी काढायचा हे ठरवण्याचा, आणि प्राणी वाचवण्याच्या व्हिडिओंमध्ये नेमकं तेच कोणी दाखवत नाही.

काकापोचंच बघा. हाही न्यूझीलंडचाच, न उडणारा, निशाचर, गलेलठ्ठ पोपट. १९९५ मध्ये ५१ उरले होते. रिमूच्या झाडाला भरपूर फळ धरतं त्याच वर्षी हे पिल्लं काढतात, म्हणून माद्यांना वरचा खुराक सुरू केला. माद्या गुटगुटीत झाल्या आणि पिल्लं निघाली ती बहुतेक नर! कारण काकापोत धष्टपुष्ट आईला मुलगे जास्त होतात. आधीच माद्यांची टंचाई, त्यात हे. मग प्रत्येक मादीचं वजन करून खुराक बेताचा केला आणि मुली वाढल्या. २०२२ मध्ये संख्या २५२ वर गेली.

कॅलिफोर्निया काँडोर या अमेरिकेतल्या प्रचंड गिधाडाच्या बाबतीत मात्र हात निघतच नाही. १९८७ मध्ये रानातला शेवटचा पक्षीही पकडून आणला, सगळे मिळून २७. पिल्लांना माणसाची सवय लागू नये म्हणून काँडोरच्या तोंडाची बाहुली हातात घालून भरवलं. आज पाचशेहून जास्त आहेत. पण शिकाऱ्यांच्या गोळ्यांचं शिसं मेलेल्या जनावरांतून यांच्या पोटात जातं. म्हणून पकडा, रक्त तपासा, शिसं काढायचा उपचार करा, सोडा. पुन्हा पकडा. छत गळतंय आणि आपण बादल्या बदलतोय. कॅलिफोर्नियात २०१९ पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या वापरायला पूर्ण बंदी आहे, पण काँडोरला राज्याची हद्द कुठली कळायला?

जाता जाता पुन्हा काकापो. २०२३ मध्ये जवळजवळ चाळीस वर्षांनी काही काकापो मुख्य भूमीवर सोडले, माउंगाटाउटारीच्या जंगलात. भोवती ४७ किलोमीटरचं कुंपण, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) आणि उंदीर आत येऊ नयेत असं बांधलेलं. बाहेरच्यांनी आत यायचं नाही, हा बेत.

(हसत.) काकापो मात्र बाहेर सापडले. उडता येत नाही म्हणून काय झालं, झाडावर चढण्यात हा पोपट पटाईत! मग पाठीवरच्या ट्रान्समीटरचा माग काढत माणसं निघाली. काकापोंना उचलायला.