पद्मिनीच्या पोटात काय ओतायचं?

(सीटमागची बाटली, अगदी जवळून)

ही बाटली बघा. दोन लिटरची, कधीकाळी कोल्ड्रिंकची होती, लेबल केव्हाच गेलंय, बुडाशी पांढरा थर बसलाय. ही काकांच्या पद्मिनीत ड्रायव्हरच्या सीटमागे असते, मला आठवतंय तेव्हापासून आहे. गाडी काढायच्या आधी काका बॉनेट उघडणार, रेडिएटरच्या टोपणावर ओलं फडकं टाकणार, टोपण फिरवणार, घरच्या बोअरचं पाणी ओतणार, मग देवाला केल्यासारखा एक नमस्कार आणि मग चावी. काकू म्हणतात, एवढं पाणी तुळशीला घातलं असतं तर जंगल झालं असतं. आता हे पाणी बंद करून रेडिएटरमध्ये कूलंट का आणि कोणतं घालायचं, तेच ह्या व्हिडिओत.

(वाड्याचा दरवाजा, आतून बाहेर येणारी गाडी, मागे किल्ला)

हे ग्वाल्हेर, त्यातलं लष्कर. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास इथे फौजेचा तळ टाकला, छावणीचं गाव झालं आणि नाव लष्करच राहिलं. आमच्यासारखी मराठी घरं इथे तेव्हापासून, घरात मराठी आणि उंबरा ओलांडला की हिंदी. गाडी १९७८ ची, कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची. मुळात फियाट ११००, नाव बदलत बदलत १९७४ मध्ये पद्मिनी झालं. इंजिन १०८९ सीसी. सरकारच्या २०२१ च्या नियमाप्रमाणे व्हिंटेज म्हणवायला ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे कागदावर ही अजून नुसतीच जुनी गाडी, आणि जुनी गाडी म्हटलं की जो तो भंगारवाल्याचा नंबर द्यायला तयार. असो.

मागच्या उन्हाळ्यात झाशी रोडवर ती उकळली, हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं, खर्च बराच झाला, त्याचं शूटिंग आमच्याकडे नाही.

(तोटी उघडते, पाणी तसराळ्यात पडतं)

हे मात्र आहे. रेडिएटरच्या खालची तोटी उघडली आणि हे आलं. चहा नाही हो हा, हा गंज. आमचे मेकॅनिक उस्ताद म्हणाले थांबा, अजून आहे, आणि ब्लॉकच्या बाजूचा बोल्ट काढला तर आधी काहीच येईना, मग त्यांनी तारेने टोचलं आणि भस्सकन चिखलच आला. तानसेनच्या गावात उस्ताद म्हटलं की लोकांना गाणारे आठवतात, आमचे उस्ताद रेडिएटरला डाख देतात, पण कान तेवढाच तयार आहे, पाण्याचा पंप नुसता ऐकून सांगतात बेअरिंग किती राहिलंय ते.

आता गंमत बघा, ह्या इंजिनचा ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटर तांब्या-पितळेचा आणि जोड शिसं-कथलाच्या डाखाचे. इतके वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडवून ठेवले की काय होतं, बॅटरी होते. खरंच होते, म्हणून हा शॉट घेतलाय.

(मल्टिमीटरचा काटा)

एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी नुसती पाण्यात बुडवायची, धातूला लावायची नाही. हे पाणी काढायच्या आधीचं आहे, काटा बघा, अर्ध्या व्होल्टच्या जवळ. उस्तादांचा हिशोब असा की ०.३ च्या वर गेला तर पाणी धातू खातंय. आणि खाल्लं जातं कोण, तर आधी अॅल्युमिनियम, म्हणजे हेड, म्हणजे सगळ्यात महाग वस्तू. म्हणून कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळायचं गंजरोधक द्रव. आमच्याकडे जानेवारीत कितीही हुडहुडी भरली तरी रेडिएटरमध्ये बर्फ काही होत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं कूलंट म्हणजे काश्मीरवाल्यांची भानगड. पण ग्वाल्हेरला ते गोठू नये म्हणून घालायचंच नाही, ते घालायचं धातू वाचवायला आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की उकळी लांबवायला.

(दुकानातली फळी, हिरवे, गुलाबी, निळे डबे)

मग आम्ही दुकानात गेलो. साडीच्या दुकानात आल्यासारखं वाटलं, हिरवा दाखवू, गुलाबी दाखवू? दुकानदार म्हणाला, "सब एक ही है, कलर पसंद कर लो." बरं, रंगाचा तसा काही नियमच नाहीये. तो नुसता रंग आहे, गळती दिसावी म्हणून घातलेला, एका कंपनीचं हिरवं आणि दुसऱ्या कंपनीचं हिरवं आतून अगदी वेगळं असू शकतं. डबा उलटा करून मागचं बारीक अक्षर वाचायचं, तेच आम्ही दुकानात उभं राहून केलं, काका चष्मा विसरले होते म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवत होतो.

बेस जवळपास सगळ्यात तोच, इथिलीन ग्लायकॉल. फरक पडतो तो गंजरोधक मसाल्यात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमध्ये सिलिकेट, फॉस्फेट असली मंडळी असतात, ती धातूवर पटकन एक थर चढवतात, डाखावर, पितळेवर, अॅल्युमिनियमवर, सगळ्यांवर. पण तो मसाला संपतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदलायचं. नव्या गाड्यांचं जे पाच-पाच वर्षं चालतं त्यात सेंद्रिय आम्लं, इंग्रजीत त्याला ओएटी म्हणतात. ते थर चढवत नाही, जिथे गंज सुरू होतो तिथेच काम करतं आणि सावकाश करतं. नव्या अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला ते उत्तम, त्याबद्दल तक्रार नाही. पण शिशाच्या डाखाशी आणि जुन्या पॅकिंगशी त्याचं जमेलच असं नाही, ब्रिटनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लबांनी याच कारणाने आपल्या लोकांना सावध केलंय. आणि दोन्ही एकत्र ओतलीत तर दोघांचाही मसाला वाया जातो, कधीकधी जेलीसारखा गाळ होतो. एका गॅरेजवाल्याने आमच्या गाडीत एकदा अर्धा लिटर गुलाबी ओतलं होतं, "पाच साल देखना नहीं पडेगा" म्हणून. असो, तो आता मोबाइल रिपेअर करतो.

पाच वर्षं ऐकून काकांचे डोळे चमकले होते हे मी कॅमेऱ्यात पकडलंय, पण आम्ही घेतलं ते दोन वर्षांचं. कॉन्सन्ट्रेट, म्हणजे आपण पाणी मिसळायचं ते, सिलिकेटवालं, डब्यावर जेआयएस के २२३४ हे जपानी मानक लिहिलेलं. बिनपाण्याचंही एक कूलंट मिळतं, १८० अंशांपर्यंत उकळत नाही, आत पाणीच नाही म्हणून गंज नाही, पण किंमत ऐकून काका दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले, आणि रस्त्यात गळलं तर त्यात साधं पाणी टाकता येत नाही, तेव्हा तो विषय तिथेच संपला.

(टाटरी पाण्यात विरघळते, मग पातेलं, पातेल्यात थर्मोस्टॅट)

घालायच्या आधी धुवायचं. पाच लिटर पाण्यात शे-सव्वाशे ग्रॅम टाटरी, म्हणजे आपलं लिंबूसत्व, ते भरून गाडी अर्धा तास चालवली, काढलं, मग थोडा खायचा सोडा, मग नुसतं पाणी, पुन्हा पाणी, अकरा बादल्या झाल्या मी मोजल्यात, शेवटच्या बादलीत तळ दिसला. आणि थर्मोस्टॅटच्या, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणाऱ्या झडपेच्या, जागी हात घातला तर थर्मोस्टॅटच नाही! कुणीतरी कधीतरी "गरम होते" म्हणून काढून फेकलेला, हा आपल्याकडचा जुना इलाज. नवा आणला आणि काकूंच्या पातेल्यात गरम पाण्यात टांगला. हा शॉट मला फार आवडतो. थर्मामीटर ७० दाखवतोय, काही नाही, ७८, काही नाही, ८२ ला ती मधली चकती हळूच उठते, बघा, कमळ उमलल्यासारखी. पातेलं काकूंनी परत घेतलं नाही.

गंज निघाल्यावर रेडिएटर दोन ठिकाणी गळायला लागला, इतके दिवस गंजच बूच होता, डाख देण्यात दोन दिवस गेले.

(मोजपात्र, हिरवं आणि पांढरं एकत्र होतं)

आता मिश्रण. रेडिएटर-इंजिन मिळून आमच्याकडे साडेचार लिटर मावतं. डब्यावर अर्धं-अर्धं लिहिलेलं होतं, त्याने उणे ३७ पर्यंत गोठत नाही, पण उणे ३७ ग्वाल्हेरला कशाला हवंय? ग्लायकॉल जितकं जास्त तितकी उष्णता वाहून न्यायची ताकद कमी, त्या कामात साधं पाणीच राजा. म्हणून दीड लिटर कूलंट आणि तीन लिटर डिस्टिल्ड वॉटर, तेच बॅटरीत घालायचं. बोअरचं नाही, म्हणजे नाहीच. त्यातला कॅल्शियम फॉस्फेटशी जमून आत चुना धरतो, खात्री नसेल तर आमच्या गिझरचा एलिमेंट बघा, हा, हा पांढरा दगड.

टोपण जुनंच ठेवलं, त्यावर ७ लिहिलंय, म्हणजे ७ पीएसआय, दर चौरस इंचाला ७ पौंड दाब. एवढ्या दाबाने साधं पाणीसुद्धा सुमारे ११० अंशांपर्यंत उकळत नाही, वर कूलंटचे तीन-चार अंश धरा. कुणी म्हणेल १५ चं बसवा, नको, जुने जोड फाटतील.

ओतताना थोडं सांडलं, ते लगेच धुऊन टाकलं, चवीला गोड असतं आणि कुत्र्या-मांजरांना, लहान मुलांना जीवघेणं विष आहे, डबा कुलपात ठेवा.

(उरवाई घाट, डाव्या हाताला कातळातल्या मूर्ती)

आणि ही परीक्षा. किल्ल्यावर गाडी चढते ती उरवाई दरवाज्याने, चढ असा की दुसऱ्या गिअरलासुद्धा दम लागतो. बाजूला तोमर राजांच्या काळातल्या, पंधराव्या शतकातल्या जैन मूर्ती, त्या बघायला पर्यटक थांबतात, आम्ही बघतोय तापमानाचा काटा. अर्ध्यावर आला. थांबला. वळणावर थोडा वर गेला, काकांनी श्वास धरलाय, मागून बस हॉर्न देतेय, आणि काटा परत खाली.

वर पोचल्यावर काका उतरले आणि सवयीने बाटली घेऊन बॉनेटकडे गेले. उस्ताद सावलीतूनच ओरडले, "साहब, ढक्कन मत खोलना!" काका थबकले, बाटलीकडे बघितलं, भिंतीला टेकले आणि ते पाणी स्वतःच प्यायले.