‘प्रथिने १२ ग्रॅम’ हे ठरवतं कोण?

अन्न आणि पोषण या विषयात पदवी घ्यायची म्हटलं की घरात एक प्रश्न हमखास येतो. “काय खावं हे शिकायला कॉलेजात कशाला जायचं?” प्रश्न चुकीचा नाही. काय खावं एवढंच शिकायचं असेल, तर खरंच कॉलेजची गरज नाही. पण या पदवीत वेळ जातो तो दुसऱ्याच प्रश्नावर: काय खावं हे तुम्ही कशाच्या जोरावर सांगता?

पाकिटावर छापलेलं असतं, प्रथिने १२ ग्रॅम. कुणी मोजली? प्रथिनं थेट मोजणं कठीण आणि खर्चिक असतं, म्हणून बहुतेक वेळा नायट्रोजन मोजतात. योहान केल्डाल या डॅनिश रसायनशास्त्रज्ञानं १८८३ मध्ये दिलेली पद्धत आजही प्रयोगशाळेत शिकवली जाते. नमुना तीव्र सल्फ्युरिक आम्लात उकळायचा. आधी सगळं काळंकुट्ट होतं, मग हळूहळू निवळतं. त्याला तासन्तास लागतात आणि घाई करणाऱ्याचा आकडा कमी येतो. मग त्यात अल्कली (आम्लाच्या उलट गुणाचं द्रावण) घालून सुटणारा अमोनिया बोरिक आम्लात पकडायचा, ब्युरेट या खुणा केलेल्या, तोटीच्या काचनळीखाली उभं राहून थेंबाथेंबानं त्याचं प्रमाण काढायचं आणि आलेल्या नायट्रोजनला ६.२५ नं गुणायचं. ६.२५ का? प्रथिनांत सरासरी १६ टक्के नायट्रोजन असतो असं धरलंय म्हणून. दुधाला मात्र ६.३८ नं गुणतात, गव्हाच्या पिठाला ५.७ नं. म्हणजे तुमचे ते १२ ग्रॅम हा एक हिशेब आहे, आणि त्या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे.

हे गृहीतक किती महागात पडू शकतं ते २००८ मध्ये चीनमध्ये दिसलं. दुधात पाणी घालायचं आणि प्रथिनं कमी दिसू नयेत म्हणून मेलामाइन मिसळायचं. मेलामाइनच्या वजनात दोन तृतीयांश नायट्रोजनच असतो. चाचणीला प्रथिनं आणि मेलामाइन यांतला फरक कळत नाही, तिला फक्त नायट्रोजन कळतो. सुमारे ३ लाख मुलं आजारी पडली, अनेकांच्या मूत्रपिंडात खडे झाले, सहा बाळं दगावली. फसवणारे पोषणशास्त्र कोळून प्यायले होते असं नाही, पण चाचणीची फट त्यांना नेमकी ठाऊक होती. ती फट आपल्याला त्यांच्याआधी ठाऊक असायला हवी, म्हणून ही कंटाळवाणी प्रात्यक्षिकं.

एल्सी विडोसन हे नाव लक्षात ठेवा. १९३३ च्या सुमाराला लंडनमध्ये त्या आहारशास्त्राचा डिप्लोमा करत होत्या. फळांतल्या कर्बोदकांवर रॉबर्ट मॅकॅन्स या डॉक्टर-संशोधकांनी प्रसिद्ध केलेले आकडे कमी आहेत, असं त्यांनी खुद्द मॅकॅन्सनाच सांगितलं. विश्लेषण करताना वापरलेल्या आम्लात फळातलं फ्रुक्टोज, म्हणजे फळातली साखर, काही प्रमाणात नष्ट होत होतं. मॅकॅन्स चिडले नाहीत. दोघांनी पुढे जवळजवळ साठ वर्षं एकत्र काम केलं. (विडोसन यांच्याकडे रसायनशास्त्रातली डॉक्टरेट आधीच होती, तेव्हा पहिल्या वर्षाला कुणी लगेच सरांच्या चुका काढायला धावू नका.)

प्रयोगशाळेतला आकडा निदान पुन्हा तपासता येतो. माणसाच्या तोंडून आलेल्या आकड्याचं काय? दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात ‘चोवीस तासांचं स्मरण’ शिकवतात. समोरच्याला विचारायचं, कालपासून आत्तापर्यंत काय काय खाल्लंत? ऐकायला सोपं आहे. विद्यार्थी विचारतो, “सकाळी नाश्त्याला काय घेतलंत?” इथेच गडबड झाली. ज्यानं नाश्ता केलाच नव्हता तोही संकोचून काहीतरी सांगतो. “उठल्यावर सगळ्यात आधी काय खाल्लं किंवा प्यायलं?” असं विचारावं लागतं. उत्तर येतं, “एक कप दूध.” कप केवढा, काठोकाठ भरलेला की अर्धा, साखर घातली होती का, सगळं संपवलं का? आणि हे सगळं विचारताना चेहऱ्यावर शाबासकीही दिसता कामा नये आणि नापसंतीही. इतकं करूनही लोक कमीच सांगतात. दुहेरी खुणेचं पाणी (ज्यातले हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे काही अणू नेहमीपेक्षा जड असतात आणि म्हणून नंतर ओळखता येतात) पाजून शरीर प्रत्यक्षात किती ऊर्जा खर्च करतं हे मोजता येतं. त्याच्याशी ताडून पाहिलं की सांगितलेलं खाणं बऱ्याचदा कमी भरतं, वजन जास्त असलेल्यांत तर अधिकच. ही लबाडीच असते असं नाही. माणूस विसरतो, लाजतो, आणि येता-जाता तोंडात टाकलेलं तर खाण्यात धरतच नाही.

सूक्ष्मजीवशास्त्र, संख्याशास्त्र आणि मोठ्या प्रमाणावरचा स्वयंपाक हे विषयही येतात. त्यावर फार बोलत नाही. एवढंच सांगतो की चार माणसांची कृती शंभरनं गुणून चारशेंचं जेवण होत नाही. भांडं मोठं झालं की बाष्पीभवनाचं गणित बदलतं, आणि रांधलेलं अन्न मधोमध तासन्तास कोमट राहतं, जिवाणूंना हवं तसं.

जैवरसायनाला मात्र मुलं घाबरतात, आणि ते टाळून पुढे जाता येत नाही. बरेच दिवस उपाशी राहिलेला रुग्ण समोर आहे. कुणाच्याही मनात येईल, पोटभर खाऊ घाला. पण एकदम भरपूर अन्न मिळालं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट पेशींमध्ये खेचलं जातं, रक्तात त्याची पातळी कोसळते आणि हृदय बंद पडू शकतं. अशा माणसाला थोडं थोडं, रक्ततपासणीवर नजर ठेवून आणि थायामिन (ब-१ जीवनसत्त्व) देऊन खायला घालावं लागतं. फॉस्फेट पेशीत का जातं हे ज्यानं नुसतं पाठ केलंय, त्याला रात्री दोन वाजता वॉर्डात काही सुचणार नाही.

शेवटी प्रवेशाबद्दल. ही पदवी घेतली म्हणजे रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करता येईलच, असं नाही. बऱ्याच देशांत त्यासाठी देखरेखीखालचं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. अमेरिकेत तर नोंदणीच्या परीक्षेला बसायलाच १ जानेवारी २०२४ पासून पदव्युत्तर पदवी लागते. म्हणून माहितीपत्रकातले हसरे चेहरे बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी विचारून घ्या: आठवड्याला प्रात्यक्षिकाचे तास किती, प्रत्यक्ष रुग्णांसोबत काम कुठल्या वर्षी, आणि तुम्हाला जिथे नोकरी करायची आहे तिथली नोंदणी संस्था ही पदवी मानते का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कॉलेजकडून नको, नोंदणी संस्थेकडूनच घ्या, आणि तेही लेखी.