रिकाम्या पाळीचा हिशोब

(सांगलीत वाचनालयाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय ‘न वापरलेल्या इंटरनेटची विकेंद्रित बाजारपेठ’. मी सुरुवात मात्र विहिरीपासून करणार आहे. इथं बसलेल्या निम्म्यांचा तरी कुठल्या ना कुठल्या सामाईक विहिरीत हिस्सा असेल, त्यामुळं फार फोड करून सांगावं लागणार नाही.

आमची विहीर चार भावांची. प्रत्येकाचा चार आणे हिस्सा, पाच एचपीची एकच मोटर, पाळ्या ठरलेल्या. धाकटे चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, मुंबईला गिरणीत होते. त्यांचं रान पडीक, पण मंगळवार-शुक्रवारची पाळी त्यांच्याच नावावर. मंगळवारी वीज असायची, विहिरीला पाणी असायचं आणि मोटर बंद. बांधापलीकडं आमची हळद माना टाकून उभी. आप्पांना विचारल्याशिवाय स्टार्टरला हात लावायचा नाही, आणि विचारायचं तर पत्र जायला चार दिवस, यायला चार दिवस.

इथं एक गोष्ट नीट धरा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. विहिरीतलं पाणी कुठं जात नाही, ते उद्याही उपसता येतं. वाया जातात ते मोटरचे तास. मंगळवारचे तास बुधवारी मिळत नाहीत. इंटरनेटचं अगदी तसंच आहे. जीबी म्हणजे किती पाणी पाजलं, आणि एमबीपीएस म्हणजे मोटर किती फेकते. घरात 100 एमबीपीएसचं कनेक्शन आहे, दुपारी घरात कुणी नाही, तर दुपारचा तो वेग रात्रीसाठी साठवून ठेवता येत नाही. बँडविड्थ म्हणजे मोटरचे तास. ‘माझा डेटा उरलाय, तो विकतो’ असं कुणी म्हणालं की मला ती विहीर आठवते.

यावर मार्ग काढला आमच्या आजीनं. मोटरघरात खिळ्याला एक वही टांगली. आप्पांच्या पाळीला ज्याला गरज असेल त्यानं मोटर चालवावी, तास लिहावेत, दिवाळीला हिशोब. पहिल्याच वर्षी भांडण झालं. दारं धरणारा चार तास पाणी घ्यायचा आणि अडीच लिहायचा. मग आजीनं नियम बदलला. मोटर सोडणारा आणि त्याच्यानंतर पाळी घेणारा, दोघांनी मिळून वेळ लिहायची आणि दोघांच्या सह्या. ज्याला अंगठाच येतो त्याचा अंगठा. आधीचा जास्त वेळ थांबला तर नुकसान पुढच्याचं, त्यामुळं पुढचा मिनिटभरही सोडायचा नाही. राखणदार नेमला नाही, पंच बोलावले नाहीत.

1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि काही महिन्यांनी आप्पा ट्रंक घेऊन गावी आले. भावकीत कुजबूज, आता हा चार वर्षांचा जाब मागणार. आप्पांनी उंबऱ्यावर बसून ती वही वाचली. सगळी. एका भावाकडं 41 तास निघत होते. त्याच्याकडं पैसे नव्हते, त्यानं गुळाच्या दोन ढेपा आणून ठेवल्या आणि विषय मिटला. पुढच्या मंगळवारी आप्पांनी स्वतः मोटर चालू केली, कुणी ब्र काढला नाही. त्या उंबऱ्यावर मी होतो, आठवीत. आज ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांवर मिळून ठेवलेली सामाईक नोंदवही, म्हणून जे सांगतात त्यातला मला पटलेला भाग एवढाच आहे: ज्यांचं हित एकमेकांच्या विरुद्ध आहे अशा दोघांच्या सह्या असलेली, सगळ्यांना उघडी असलेली वही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय, दहा मिनिटं. विहिरीनं बराच वेळ घेतला, पण तिच्यावाचून पुढचं सांगता आलं नसतं. आता भराभर.

आपलं रिकामं इंटरनेट दुसऱ्याला विकायच्या या बाजारात दोन वेगळी दुकानं आहेत. पहिल्या प्रकारात, उदाहरणार्थ मिस्टेरियम, जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तुमच्या कनेक्शनमधून इंटरनेटवर जातो. जसजसा वापर, तसतशी पैसे देण्याची सही केलेली छोटी हमी, मोबदला त्यांच्या टोकनमध्ये, म्हणजे त्यांच्याच डिजिटल नाण्यांत. तंत्र सुरेख आहे. पण तिथं तुम्ही वेगाबरोबर स्वतःचा पत्ताही भाड्यानं देता. त्या माणसानं काही गैर केलं तर नोंदीत आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, तुमचा, आणि चौकशी तुमच्या दारात. 2015 साली होला या फुकट सेवेबद्दल हेच उघड झालं: वापरणाऱ्यांची कनेक्शनं तिची भावंड कंपनी ल्युमिनाटी पैसे घेऊन विकत होती, आणि बहुतेकांना त्याचा पत्ता नव्हता. शिवाय आपल्याकडं टोकनच्या नफ्यावर 30 टक्के कर आहे.

मोजमापाचीही अडचण आहे. हीलियमचं जाळं 2019 मध्ये अमेरिकेत सुरू झालं, सेन्सरसाठी सिग्नल पुरवा आणि टोकन मिळवा. लोकांनी यंत्रं एकाच जागी ठेवून कागदोपत्री लांब लांब दाखवली आणि ती एकमेकांच्या सिग्नलची साक्ष देऊ लागली. चोर आणि पंच एकाच घरातले. आजीच्या नियमात हे बसलं नसतं.

आणि रिकामं खरंच रिकामं असतं का? गावात येणारा जीपॉन पद्धतीचा एक फायबर अंदाजे 2500 एमबीपीएसचा, आणि तो 64 घरांपर्यंत वाटला जातो. प्रत्येकाला 100 सांगितले तर 6400 झाले. सगळे एकदम वापरत नाहीत या भरवशावरच तो दर परवडतो. म्हणजे तुमची बरीचशी रिकामी पाळी कंपनीनं आधीच दुसऱ्याला दिलेली असते. घरगुती कनेक्शन पुढं विकायला करारात सहसा मनाई असते, ती याचमुळं.

दुसरं दुकान मला हवंय. गावातल्या गावात, ओळखीच्यांत. स्पेनमधल्या कॅटलोनियात 2004 पासून गुइफी नावाचं जाळं खेड्यातल्या लोकांनी उभं केलंय, खर्चाची वाटणी वापराच्या हिशोबानं. आपल्याकडं कायद्यानं वाट आहे. 9 डिसेंबर 2020 ला केंद्रीय मंत्रिमंडळानं सार्वजनिक वायफायची पीएम-वाणी योजना मंजूर केली. तीत पीडीओ, म्हणजे वायफाय विकणारा छोटा दुकानदार, व्हायला परवाना लागत नाही, शुल्क नाही. वापरणारा मोबाइलवरच्या ओटीपीनं आत येतो, म्हणून कोण वापरतंय याची नोंद राहते. जून 2025 मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, दर बांधला: 200 एमबीपीएसपर्यंत, कंपनीनं पीडीओकडून तेवढ्याच वेगाच्या घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घ्यायचं नाही.

तर माझं म्हणणं असं. गावच्या दूध संस्थेत फॅट लावायच्या यंत्राला आणि संगणकाला इंटरनेट लागतं ते सकाळ-संध्याकाळ, दूध घालायच्या वेळी. बाकी दिवसभर मोटर बंद. संस्थेनं पीडीओ म्हणून कनेक्शन घ्यावं, उरलेले तास गावाला विकावेत आणि दहा दिवसांच्या दूध बिलातच नेटची वजावट करावी. कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावात 2022 पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. एवढं एकमतानं ठरवणाऱ्या गावांच्या मुलखात एक वही चालवणं अवघड नाही.

वेळ संपली. दाराजवळच्या टेबलावर वही ठेवलीय. आपल्या गावच्या दूध संस्थेचं नाव, कनेक्शनचा वेग, आणि ते कधी रिकामं असतं, एवढं लिहा. सही दोघांची हवी, शेजारी बसलेल्याचीही.