भूल कोणती दिली, यानं हृदयाला काय फरक पडतो?

हृदय आणि फुप्फुसांचं काम तात्पुरतं करणाऱ्या हार्ट-लंग मशीनवर बायपास चालते तेव्हा महाधमनीला क्लॅम्प लावतात, हृदयाच्या धमन्यांत पोटॅशियमचं थंड द्रावण सोडतात आणि मॉनिटरवरची ईसीजीची रेघ सपाट होते. तेवढा वेळ हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळत नाही. क्लॅम्प काढला की रक्त परत येतं, आणि बरीचशी इजा नेमकी तेव्हा होते: कॅल्शियम पेशींत घुसतं, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात छिद्रं उघडतात, पेशी मरतात. भूलतज्ज्ञाच्या औषधानं हे रोखता येईल का?

आशेला जागा होती. 1986 साली अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाची धमनी 5-5 मिनिटं अशी चार वेळा बंद करून मोकळी केली आणि मग सलग 40 मिनिटं बंद ठेवली. आधी असा सराव मिळालेल्या हृदयात मेलेला भाग इतरांच्या जेमतेम चौथा हिस्सा निघाला. पुढे 1997 च्या सुमारास दिसलं, की आयसोफ्लुरेन हा भुलेचा वायूसुद्धा धमनी न दाबता तसंच संरक्षण देतो. पेशीतल्या पोटॅशियमच्या विशिष्ट वाहिन्या तो उघडतो. त्यानंतर बेल्जियमच्या अँटवर्पमध्ये द हर्ट यांच्या गटाला बायपासच्या रुग्णांत सेव्होफ्लुरेन या भुलेच्या वायूवर ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन, कमी वाढलेलं आढळलं; प्रोपोफॉलवर, म्हणजे शिरेतून देतो त्या दुधासारख्या पांढऱ्या औषधावर, ते जास्त वाढलं. आम्हा भूलतज्ज्ञांत वायूचं पारडं जड झालं.

पण ट्रोपोनिन कमी होणं आणि माणूस जगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिलानच्या लांदोनी यांच्या नेतृत्वाखालची 'मिरियड' चाचणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. 13 देश, 5400 रुग्ण, सगळे नियोजित बायपासचे. वर्षभरात वायूच्या गटात 2.8 टक्के दगावले, शिरेतून भूल दिलेल्यांत 3.0 टक्के. हा फरक नसल्यातच जमा. चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. ही चाचणी झाली याबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते, कारण आम्ही ज्यावर विश्वास ठेवून बसलो होतो ते तिनं तपासून पाहिलं.

मग प्रयोगशाळेतलं खोटं होतं का? नाही. ती जनावरं तरुण आणि निरोगी होती. आपला रुग्ण साठी ओलांडलेला, बहुधा मधुमेही. मधुमेहात हे संरक्षण क्षीण होतं. ग्लायबेनक्लामाइडसारखी मधुमेहावरची गोळी तर पोटॅशियमच्या त्याच वाहिन्या बंद करते. शिवाय थंड द्रावणानं हृदय आधीच बरंचसं सांभाळलेलं असतं.

म्हणून वायू की शिरेतून, यावर मी आता वाद घालत नाही. माझं लक्ष रक्तदाबावर आणि ठोक्यांवर असतं. डाव्या हृदयाला रक्त मुख्यतः ते सैल पडतं तेव्हा मिळतं. नाडी 110 वर गेली की तो अवधी आक्रसतो. भारतात हृदय न थांबवता, धडधडत्या हृदयावर पुष्कळ बायपास होतात. हृदयाच्या मागच्या धमनीला टाके घालायला सर्जन हृदय उचलून धरतो आणि दाब झर्रकन 60 वर येतो. अशा वेळी टेबलाचं डोकं खाली करायचं, रक्तदाब चढवणारं नॉरअॅड्रिनॅलिन वाढवायचं, आणि तरीही दाब उठला नाही तर मोठ्यानं सांगायचं, "सर, हृदय खाली ठेवा."