पाइनचं जंगल जगवायचं तर ते जाळावं लागतं

नमस्कार मंडळी. आज आगीबद्दल बोलायचंय, पण वणव्याबद्दल नाही, मुद्दाम दिवस ठरवून, परमिट काढून लावलेल्या आगीबद्दल. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा ह्या भागात आपले जे मराठी लोक राहतात त्यांना फेब्रुवारी-मार्चमध्ये कधीतरी धुराचा वास येतो, लांबवर धूर वर चढताना दिसतो, आणि नवीन आलेला माणूस घाबरतो की जंगल पेटलं वाटतं. जंगल पेटलेलं असतंच, पण लोकांनी पेटवलेलं असतं, आणि ते का पेटवतात हे कळण्यासाठी आधी तिथलं मूळ जंगल काय होतं ते बघू.

व्हर्जिनियापासून टेक्सासच्या पूर्व टोकापर्यंत एके काळी साधारण ९ कोटी एकरांवर लॉन्गलीफ पाइन, म्हणजे लांब सुईसारख्या पानांचा पाइन, होता. तोड झाली, शेती आली, दुसऱ्या जातीच्या पाइनच्या लागवडी आल्या आणि त्यातलं पाच टक्केही धड उरलं नाही. पण नुसती कुऱ्हाड कारण नाही हं. आग बंद केली हेही तितकंच मोठं कारण. तिथे वीज पडून आगी लागायच्या, मूळ रहिवासी स्वतः लावायचे, दर दोन-तीन वर्षांनी जमिनीलगतची आग सरपटत जायची आणि हे जंगल हजारो वर्षं त्या सवयीवर वाढलं. मग १९२८ ते १९३० मध्ये ट्रकमधून सिनेमे घेऊन गावोगाव प्रचार झाला की आग म्हणजे शत्रू, विझवा. हर्बर्ट स्टोडर्ड नावाचा माणूस त्याच काळात जॉर्जिया-फ्लोरिडाच्या सीमेवर बॉबव्हाइट ह्या लाव्यासारख्या पक्ष्यांचा अभ्यास करत होता आणि सांगत होता की आग थांबवाल तर पक्षी आणि झाडोरा दोन्ही जाईल, तेव्हा सरकारी वनवाल्यांना ते अजिबात रुचलं नव्हतं. १९५८ मध्ये फ्लोरिडातल्या टॅलाहासी शहराजवळ टॉल टिंबर्स हे संशोधन केंद्र सुरू झालं, त्यात स्टोडर्डचा मोठा वाटा, आणि तिथे काही तुकडे दरवर्षी, काही दोन वर्षांनी, काही तीन वर्षांनी जाळत आलेत. एका तुकड्यात १९६० च्या दशकात जाळणं बंद केलं. तो आज रुंद पानांच्या झाडांनी गच्च भरलेलं अंधारं रान झालाय, खाली गवत आणि रानफुलं जवळजवळ नाहीतच.

आता खरी गंमत बघा. ह्या जंगलात वर बघून काही कळत नाही, वर एकच झाड, पाइन पाइन पाइन. वैविध्य सगळं घोट्याच्या उंचीला. नॉर्थ कॅरोलायनाच्या ग्रीन स्वॉम्प ह्या दलदली भागात नीट जाळत ठेवलेल्या जागी एका चौरस मीटरमध्ये, म्हणजे छोट्या टेबलाएवढ्या जागेत, चाळीसहून जास्त जातींच्या वनस्पती मोजल्यात! गवतं, ऑर्किड, शेंगवर्गातली झुडपं, किडे खाणाऱ्या वनस्पती. व्हीनस फ्लायट्रॅप, जी शाळेच्या पुस्तकातल्या चित्रामुळे सगळ्यांना माहीत असते, ती जगात मूळची फक्त नॉर्थ आणि साउथ कॅरोलायनाच्या किनारपट्टीच्या पट्ट्यात उगवते, आणि आग नसली की झुडपं तिच्यावर सावली धरतात आणि ती मरते, इतकं सरळ आहे ते.

पाइनचं रोप तर आगीसाठीच घडवल्यासारखं. पहिली काही वर्षं, कधी कधी दहा-बारासुद्धा, ते वाढतच नाही, जमिनीवर हिरव्या गवताचा झुबका असावा तसं बसून राहतं. मधोमध कोंब आणि त्याभोवती लांबच लांब ओलसर सुया. आग आली की सुया जळतात पण कोंब वाचतो, आणि तोवर खाली मूळ जाड होत असतं. एकदा ताकद साठली की ते पटापट वर उठतं आणि आगीच्या ज्वाळांच्या पलीकडे जातं.

वायरग्रास म्हणून एक गवत आहे, ह्या जंगलाचं इंधनच म्हणा ना, ते मे ते जुलैच्या आगीनंतर भरभरून फुलतं आणि बी धरतं, हिवाळ्यात जाळलं तर फारसं फुलत नाही. त्यामुळे जाळलं की झालं असं नसतं, कधी जाळलं हेही बघायला लागतं.

आता विरळणी. दाट लागवडीत खाली ऊनच पोचत नाही, सुयांचा थर साचलेला असतो, त्यामुळे काही पाइन तोडून ऊन खाली सोडतात आणि गवत, फुलं लगेच उठतात. पण नुसती विरळणी करून थांबलात तर त्या उन्हाचा फायदा स्वीटगम, ओक ही रुंद पानांची झाडं आणि गॉलबेरीची झुडपं घेतात, खालून जोरात फुटवे येतात आणि पाच-सहा वर्षांत परत अंधार. तोडणं हे आगीचं काम करत नाही, ते आगीला वाट करून देतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण लाकूड विकून पैसे मिळतात म्हणून विरळणी लोक आनंदाने करतात आणि जाळण्याचं मात्र पुढे ढकलत राहतात. शिवाय ओल्या जमिनीवर जड मशीन फिरवली तर वायरग्रासचे झुबके उखडतात ते वेगळंच.

आग लावतात कशी? हवेची आर्द्रता, वारा, धूर कुठे जाईल हे बघून, डिझेल-पेट्रोलचं मिश्रण असलेल्या ड्रिप टॉर्चने थेंब थेंब पेटती रेघ ओढत जातात. बऱ्याचदा वाऱ्याच्या उलट दिशेने, म्हणजे आग हळू, गुडघ्याएवढी. मातीत दोन-तीन बोटं खाली उष्णता फारशी पोचतच नाही, कंद आणि मुळं शाबूत, आठवड्या-दोन आठवड्यांत काळ्या जमिनीतून हिरवे कोंब. मात्र जिथे कित्येक वर्षं आग नाही तिथे जुन्या झाडाच्या बुंध्याशी सुया आणि सालींचा जाड थर साचतो, झाडाची बारीक मुळं त्यातच शिरलेली असतात, तो कोरडा असताना पेटला तर आतल्या आत दिवसभर धुमसतो आणि शंभर-दोनशे वर्षांचं झाड मरतं. म्हणून तिथे पहिल्या काही आगी थर ओला असतानाच लावायच्या. आणि कोगन ग्रास हे आपल्याच आशियातून गेलेलं गवत जिथे घुसलंय तिथे आग त्याच्याच फायद्याची, आधी ते काढायचं.

एक वाईट वाटण्यासारखी गोष्ट सांगतो. जी जमीन एकदा नांगरली गेली तिथे कितीही नीट विरळणी केली, नीट जाळलं, तरी वायरग्रास आपसूक परत येत नाही, दशकानुदशकं नाही. बी फार लांब जात नाही त्याचं. मग चांगल्या जंगलात उन्हाळ्यात जाळून, तिथलं बी गोळा करून पेरावं लागतं. त्यामुळे जिथे मूळ जमीन उरलीय तिथे आगीत खंड पडू न देणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निकडीचं काम आहे.

हे ऐकून कुणी सह्याद्रीत डोंगर पेटवणं बरोबर म्हणू नका बरं का. आपल्याकडे मेळघाट-ताडोबात उन्हाळ्याआधी जाळरेषा, म्हणजे आधीच जाळून मोकळा केलेला पट्टा, काढतात ती मोठी आग अडवायला, आणि कोकण-घाटावरचे वणवे कसलाही विचार न करता लावलेले असतात. इथली झाडं वेगळी, ऋतू वेगळे.

रॅली-शार्लटकडच्या मंडळींनी सदर्न पाइन्स गावाजवळच्या वेमाउथ वूड्स ह्या राखीव जंगलात जरूर जावं, तिथे १५४८ पासूनचा एक लॉन्गलीफ अजून उभा आहे. आग लागून गेलेला तुकडा दिसला तर खाली वाकून बघा, आणि कॅरोलायनात कुठे फ्लायट्रॅप दिसलं तर उपटू नका, नॉर्थ कॅरोलायनात २०१४ पासून तो गंभीर गुन्हा आहे.